न झालेल्या मयतीला जाताना

बायकोच्या ड्रायव्हिंग टेस्टच्या दिवशी सकाळी, पेट्रोल पंपावर उभ्या उभ्या, मी एक माणूस मारला. तो माणूस अस्तित्वातच नव्हता, एवढीच काय ती माझी बाजू. आमच्या चेअरमनकाकांचं बोलणं काही केल्या संपेना, म्हणून मी त्यांना सांगितलं की मला एका मयतीला जायचंय.

खोटं बोलण्यात माझी चूक नव्हती. बियाण्याच्या कंपनीच्या ऑफिसात इतकी वर्षं काढल्यावर ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे माणूस झोपेतसुद्धा म्हणतो, साहेब समोर घोरत असले तरी. चूक झाली ती कारण निवडण्यात. जालना जिल्ह्यात जन्म काढलेल्या माणसानं बोलणं तोडायला ताप सांगावा, जुलाब सांगावेत, फार तर इन्कम टॅक्सची धाड सांगावी. मयत सांगू नये.

पण त्या सकाळी मला एवढी घाई कशाची होती, ते आधी सांगतो.

माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. बदलीत तिला घनसावंगीकडचं एक गाव मिळालं. तिथं एसटी जाते, पण शाळेच्या वेळेशी त्या एसटीचं काही देणंघेणं नाही. म्हणून ती तिकडच्याच एका सरांच्या गाडीतून जायची. मागच्या सीटवर, दोन सरांच्या मधे, पर्स मांडीवर घेऊन. गाडी सरांची, त्यामुळं चहाला कुठं थांबायचं, पानटपरीवर किती वेळ थांबायचं आणि ‘मॅडम, आज जरा अंबडला काम आहे’ हे कधी म्हणायचं, ते सगळं सर ठरवणार. दोन वर्षं तिनं ते काढलं. मग एका संध्याकाळी पर्स टेबलावर आपटून म्हणाली, “मी गाडी शिकणार.” आणि शिकली. क्लास लावला, आणि सुट्टीच्या दिवशी आम्ही एमआयडीसीत सरावाला जायचो. तिथला अगदी आतला, बंद पडलेल्या शेडांमागचा रस्ता मी हुडकून काढला होता. ट्रॅफिक नसतं म्हणून, असं मी तिला सांगितलं होतं.

आता त्या सरांची बदली झाली होती आणि पुढच्या आठवड्यापासून ती गाडी बंद होणार होती. बायकोच्या लर्निंग लायसनची मुदतही त्याच आठवड्यात संपत होती. म्हणजे ही टेस्ट हुकली की पुन्हा अर्ज, पुन्हा लर्निंग, पुन्हा वाट बघणं, आणि तोपर्यंत रोज फाट्यावर उभं राहून मिळेल त्या जीपला हात करणं. टेस्टला गाडी आपली आपण न्यायची असते आणि तिचे सगळे कागद मुदतीतले लागतात. आमच्या गाडीचं पीयूसी संपलं होतं. ते बघायचं काम माझ्याकडं होतं, यावरून ते का संपलं होतं हे कळेल.

“सकाळी लवकर पंपावर जा, पीयूसी काढा आणि सरळ घरी या,” ती म्हणाली होती. “कुणाशी बोलत उभे राहू नका.”

“मी कुठं बोलतो?” मी म्हणालो होतो.

ते अगदी खरं होतं. बोलले काका.

चेअरमनकाका आमच्या गावचे, गावच्या नात्यानं माझे चुलते. फार पूर्वी एका पंचवार्षिकला ते गावच्या सोसायटीचे चेअरमन होते. पद गेलं, पण नाव तसंच अंगाला चिकटून राहिलं. गावात त्यांची म्हैससुद्धा ‘चेअरमनची म्हैस’ म्हणूनच ओळखली जाते आणि तशीच चालते. मुलानं नवीन जालन्यात बंगला बांधला आणि काकांना इकडं आणलं. बंगल्यात सगळं आहे, ऐकणारं माणूस तेवढं नाही. म्हणून काका सकाळी अंघोळ करून, पांढरी टोपी घालून, पिशवी काखेत मारून पंपाजवळच्या चहाच्या टपरीवर येऊन बसतात. गाड्या पेट्रोलसाठी थांबतात, आणि काका आले की थांबलेल्याच राहतात.

त्या दिवशी विषय गुडघा होता.

“अरे, संभाजीनगरचा डॉक्टर, एवढा मोठा माणूस, मला काय म्हणला? म्हणला, चेअरमनसाहेब, हा उजवा गुडघा तुमचा न्हाई. म्या म्हणलं, मंग कोणाचाय? तर म्हणला, हा तरण्या माणसाचा हाय. तुमचा तो डावा.”

पीयूसीचा कागद माझ्या हातात आला होता. निघायचं तेवढं बाकी होतं.

नको असलेल्या बोलण्यातून सभ्यपणे कसं निघावं, याचे आपल्याकडं ठरलेले रस्ते आहेत. आधी लांबलचक ‘बरं’ म्हणायचं आणि दोन्ही हात मांड्यांवर आपटायचे. मी उभा होतो, मांड्या सापडेनात, म्हणून मी टाळी वाजवली. काकांना वाटलं किस्सा आवडला. त्यांनी तो पुन्हा सांगितला. मग मी ‘चला काका, येतो’ म्हणालो. आमच्याकडं ‘येतो’ म्हणजे फक्त मध्यंतर. समोरचा ‘येतो’ म्हणाला, की बोलणाऱ्याला खरं काय सांगायचं होतं ते आठवतं. काकांनाही आठवलं, आणि ते गुडघ्यावरून गुडघ्याच्या मेडिक्लेमवर गेले. मी घड्याळ बघितलं. त्यांनीही माझंच घड्याळ बघितलं आणि “लई टाईम हाय अजून” म्हणाले. मग मी फोन कानाला लावून, “हां साहेब, निघालोच,” असं मोठ्यानं म्हणालो. काका अदबीनं गप्प बसले. मी फोन खिशात घालेपर्यंत थांबले आणि म्हणाले, “तर डॉक्टर काय म्हणला...”

शेवटी मी उलट्या पावलांनी गाडीकडं सरकू लागलो. पण काकांची एक सवय आहे, बोलताना ते समोरच्याचं मनगट धरतात. डॉक्टर नाडी बघतो तसं नाही, बाजारात बैलाचं दावं धरतात तसं. मी जेवढा मागं सरकलो तेवढे तेही आले. तरण्या गुडघ्यानं.

कुणी म्हणेल, खरं सांगायचं होतं की, बायकोची टेस्ट आहे म्हणून. सांगितलं असतं तर गुडघा राहिला असता बाजूला आणि बायकांनी गाडी चालवावी की नाही, हा विषय निघाला असता. त्यावर काकांकडं आमच्या आणि आजूबाजूच्या गावांतले भरपूर किस्से आहेत. दुपार झाली असती. शिवाय संध्याकाळपर्यंत ही बातमी गावच्या पारावर गेली असती. नको ते, असं म्हणून मी मयत काढली.

“काका, खरं म्हणजे मला मयतीला जायचंय.”

मनगट सुटलं. मला वाटलं, जिंकलो.

“अरे अरे अरे. कोण गेलं?”

“मित्राचे वडील.”

“कवा?”

“पहाटं.”

“गाव?”

“मंठा रोडला. आतल्या बाजूला, वस्तीवर.”

“माती कवा हाय?”

“आत्ताच. जल्दी करून राह्यले ते लोक.”

“मंग उभा काहून तू? चल,” काका म्हणाले, आणि माझ्या आधी गाडीत जाऊन बसले.

इथं माझी चूक मला दिसली. आमच्याकडं लग्नाला पत्रिका लागते, पत्रिका नुसती पोस्टानं आली तर लोक रुसतात, घरी येऊन दिली तरी ‘अक्षता कुठंय’ विचारतात. मयतीला काही लागत नाही. कळलं की जायचं. लग्नाला न गेलेला माणूस दुसऱ्या वर्षी विसरला जातो, मयतीला न गेलेला माणूस त्याच्या नातवापर्यंत लक्षात राहतो. आणि मयतीला निघालेल्या माणसाला एकटं सोडणं तर कुणाच्या स्वप्नातही येत नाही. त्यातून गाडी चाललेली आहे. गाडीत जागा आहे. आणि काका सांत्वनाचे आहेत.

सांत्वनाचे म्हणजे, श्रद्धांजलीची भाषणं करणारे. मयत आमच्या पंचक्रोशीतली असो की कुणाचीही, चितेला अग्नी दिला की काका पुढं सरतात, खाकरतात, आणि ‘आज आपल्यातून एक वटवृक्ष कोसळला’ इथून सुरू करतात. त्यांच्या भाषणात सगळेच वटवृक्ष असतात. एकदा तर चिता विझत आली तरी भाषण चालू होतं आणि मयताच्या मुलानंच हात जोडून त्यांना थांबवलं होतं. त्यांच्या पिशवीत पांढरा टॉवेल कायम घडी करून ठेवलेला असतो, न जाणो, वाटेत कुणी गेलं तर. तो त्यांनी गाडीत बसल्या बसल्या काढून खांद्यावर टाकला.

“नाव काय म्हणला मयताचं? भाषणात घ्यावं लागल.”

“आम्ही त्यांना नुसतं अण्णा म्हणायचो.”

“स्वभाव?”

“शांत.”

“किती शांत?”

“फारच शांत,” मी म्हणालो. हे सुद्धा खरं होतं.

गाडी मंठा रोडकडं घेण्यावाचून इलाज नव्हता. घर मागं राहिलं, आरटीओ ऑफिस तर त्याहून मागं. मी मनात म्हणालो, पुढच्या चौकात काहीतरी सुचेल. पुढच्या चौकापर्यंत काकांनी फोन करून त्यांचे एक जुने दोस्त, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, यांना उभं केलं होतं. “मयत हाय. गाडी हाय. हार घेऊन ये,” एवढंच ते फोनवर बोलले. बाकीच्या जगाशी बोलताना वेळ लावणारा हा माणूस मयतीच्या बाबतीत तारेसारखा बोलतो.

कंडक्टर चौकात झेंडूचा भलामोठा हार घेऊन उभेच होते. मागच्या सीटवर बसले, हार मांडीवर ठेवला, दार ओढून घेतलं आणि सवयीनं पाठीमागच्या काचेवर दोनदा टकटक केलं. गाडी सुटली.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. आमच्या गाडीत फोन आपोआप स्पीकरला जोडला जातो. ही सोय ज्यानं काढली त्याच्या घरी एकदा जाऊन बसायचं आहे मला.

“अहो, कुठं आहात? पीयूसी झालं का?”

“झालं. म्हणजे, हे काय, निघालोय.”

काका डॅशबोर्डवर वाकले. त्यांना वाटतं माणूस तिथं आत बसलेला असतो. “सूनबाई, मी बोलून राह्यलो, चेअरमन. आम्ही मयतीला चाललो.”

“कोण गेलं?” बायकोनं विचारलं. आवाज बदलला होता.

“आता! तुला सांगितलं न्हाई का यानं? याच्या जिगरी दोस्ताचे वडील. अण्णा. लई शांत माणूस.”

“कोणत्या दोस्ताचे?”

“अगं, तो... ऑफिसातला,” मी म्हणालो. “तुझ्या नाही ओळखीचा.”

मागून कुकरची शिट्टी ऐकू आली. मला वाटलं आता ती ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. पण तीही याच जिल्ह्यातली, मयतीपुढं तिचंही काही चालत नाही.

“मग जा तुम्ही,” ती हळू आवाजात म्हणाली. “त्यांना गरज असेल. माझ्या टेस्टचं राहू द्या. परत अर्ज करीन.”

फोन बंद झाला.

“कसली टेस्ट रे?” काकांनी विचारलं.

“शुगरची,” मी म्हणालो. एकदा माणूस मारल्यावर बायकोला शुगर लावायला हात थरथरत नाही.

“शुगर? सूनबाईला? अरे, मेथ्या भिजवून दे तिला. आमच्या वहिनीला...” आणि काका वहिनीच्या शुगरवर गेले.

माझ्या कानात मात्र ‘परत अर्ज करीन’ एवढंच वाजत होतं. तिनं ते चिडून म्हटलं नव्हतं. चहाला सर थांबले की ‘चालेल’ म्हणायची, त्याच आवाजात म्हटलं होतं. गेली दोन वर्षं रोज संध्याकाळी तो आवाज मी घरी ऐकला होता.

काहीतरी करणं भाग होतं. खरं सांगायची हिंमत अजूनही होत नव्हती, म्हणून मी दुसरं खोटं केलं. गाडी बाजूला घेतली, फोन बघितल्यासारखं केलं आणि चेहऱ्यावर आनंद आणला.

“काका, मेसेज आला. चांगली बातमी आहे. अण्णा गेले नाहीत.”

“म्हंजे?”

“श्वास परत सुरू झाला. अंघोळ घालताना हलले म्हणे.”

मागच्या सीटवरून कंडक्टर पहिल्यांदा बोलले. “मंग हाराचं काय?”

“हार राहू दे!” काका सीटवर उसळले. “गाडी दामट! मेलेला माणूस उठून बसला, अन् तू बाजूला काय घेऊन राह्यला? हे तर बघायलाच पाहिजे. आयुष्यात एकदा बघायला भेटतं असलं!”

त्यांनी फोन काढला. आणखी कुणाकुणाला बोलवणार होते देव जाणे. सबंध तालुका मंठा रोडला लागला असता. मी त्यांचा फोनचा हात धरला. मनगट धरलं, खरं तर.

“काका, कुणाला फोन करू नका. कुणी मेलंच नाही.”

“तेच तर म्हणून राह्यला ना तू. वाचले.”

“वाचले नाहीत. अण्णा नाहीतच.”

“म्हंजे गेले?”

“गेले नाहीत. नव्हतेच. असा माणूसच नाही.”

“जलमलाच न्हाई?”

“नाही.”

“मंग मेला कसा?” कंडक्टरांनी विचारलं. सगळ्या प्रकरणात मुद्द्याचं बोलणारा हा एकच माणूस.

“मी मारला,” मी म्हणालो. “तुमचं बोलणं संपत नव्हतं काका. मला निघायचं होतं.”

काकांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याची घडी घातली आणि पिशवीत ठेवला. मला वाटलं म्हातारा दुखावला, आता उतरून जाईल, आणि माझ्यासारख्याला ते आयुष्यभर पुरेल. पण दुखावण्यासाठी माणसाला आपलं काही चुकलंय असं वाटावं लागतं.

“एवढंच ना?” काका म्हणाले. “मंग सांगायचं की, काका, मला काम हाय.”

“सांगितलं ना. कितीदा तरी सांगितलं.”

“मंग जायचं ना! मी काय तुला धरून ठेवलं व्हतं?” असं त्यांनी माझा दंड धरून विचारलं. “काम काय व्हतं पण?”

मी सांगितलं. टेस्ट, लर्निंग, सरांची बदली, पीयूसी, सगळं. बोलता बोलता माझ्याच कानाला ते एवढं साधं आणि थोडक्यात वाटलं, की पंपावर हे सांगायला मला काय झालं होतं, कळेना.

“सूनबाईची गाडीची टेस्ट,” काका एकेक शब्द तोलत म्हणाले, “अन् गाडी तुझ्यापाशी. अन् तू आम्हा दोघा म्हाताऱ्यांना घेऊन मंठ्याकडं चालला. बिलकुल अक्कल न्हाई तुला. वळव!”

मी गाडी वळवली आणि बायकोला फोन लावला. “तू ऑटोनं आरटीओला पोच. मी गाडी घेऊन येतोय.”

“आणि मयत?”

“रद्द झाली.”

तिनं फोन ठेवला. पुढं जो हिशेब व्हायचा होता तो ती बहुतेक मनात मांडत होती.

आरटीओच्या मैदानावर पोचलो तेव्हा ती झाडाखाली उभी होती. कडक इस्त्रीची सुती साडी, पायात बूट, हातात कागदांची फाईल. समोर टेस्ट घेणारे साहेब, तरुण, उन्हानं लाल झालेले. तिचा नंबर पुकारून झाला होता, गाडी नव्हती म्हणून तो मागं गेला होता, आणि साहेब आता जेवायला निघाले होते.

“मॅडम, दुपारचे सगळे नंबर भरलेत,” ते सांगत होते. “ते झाल्यावर वेळ उरला तर बघू. मी शब्द देत नाही.”

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. सकाळपासून ते उन्हात उभे होते. मी पुढं होऊन हात जोडले आणि बोलायला तोंड उघडलं. पण आजवर माझ्या बोलण्यानं काय काय झालं होतं ते आठवून पुन्हा मिटलं.

तेवढ्यात काका गाडीतून उतरले आणि सरळ साहेबांच्या पुढ्यात गेले.

“नमस्कार साहेब. गाव कोणतं म्हणायचं आपलं?”

आमच्याकडं यापेक्षा धोक्याचा प्रश्न नाही. गाव सांगितलं की तालुका निघतो, तालुक्यावरून आडनावं निघतात, आडनावांवरून सोयरीक निघते, आणि सोयरीक निघाली की माणूस सुटत नाही. साहेब नवीन असावेत. त्यांनी गाव सांगून टाकलं.

“असं म्हणता! मंग तुम्ही आमचे पाव्हणेच निघाले की. आमच्या मोठ्या भावाची मेहुणी तुमच्या शेजारच्या गावात दिली व्हती,” काका म्हणाले आणि मनगट धरलं. “बघा, मला सांगायला आनंद वाटतो, आज सरकारी नोकरीत असे उन्हातान्हात उभे राहणारे अधिकारी राहिलेच कुठं?”

साहेब म्हणाले, “बरं...” ते लांबलचक होतं.

काकांनी मागं हात केला. कंडक्टरांनी हार दिला. साहेब काही समजून घेण्याआधी तो त्यांच्या गळ्यात होता. काका दोन पावलं मागं सरले, खाकरले आणि सुरू झाले. “जमलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो. आज आपल्यामध्ये एक वटवृक्ष उभा आहे...” भाषण तेच होतं, अण्णांचं. वृक्ष तेवढा उभा केला होता. शांत स्वभावाचा उल्लेखही आला. टेस्टला आलेली सगळी मंडळी गोळा झाली. दोघातिघांनी फोन काढून शूटिंग चालू केलं.

साहेबांनी घड्याळ बघितलं. मग फोन कानाला लावून पाहिला. मग उलट्या पावलांनी सरकायला लागले. मला त्यांचा प्रत्येक डाव ओळखीचा होता, सकाळी मीच तिथं उभा होतो. आणि कुठला डाव चालणार नाही हेही माहीत होतं. आता हा माणूस मयत सांगतो की काय, अशी मला धास्ती वाटली.

पण ते माझ्यापेक्षा हुशार. त्यांनी गळ्यातला हार काढून कंडक्टरांच्या हातात दिला आणि बायकोकडं वळले. “मॅडम, गाडी कुठंय? चला, तुमची टेस्ट आधी घेऊन टाकू.” आणि जवळजवळ पळतच जाऊन गाडीत बसले. काच वर केली.

मला हे सुचलंच नव्हतं. बोलणं तोडायला आपलं काम करत सुटावं, एवढी साधी गोष्ट.

बायको गाडीत बसली. मी मागं ढकलून ठेवलेली सीट तिनं पुढं ओढली, आरसा नीट केला. काचेतून दिसलं, ती साहेबांना काहीतरी म्हणाली. नंतर कळलं, “साहेब, बेल्ट,” म्हणाली होती. साहेबांनी गडबडीनं बेल्ट लावला. गाडी सुटली, ती एकाही धक्क्याशिवाय. इंग्रजी आठच्या आकड्यासारखं वळण घेतलं, चढावर थांबवून परत उचलली, विटांच्या रांगेतून मागं घेतली. माझ्या हातानं तीच गाडी रोज घराच्या फाटकाला घासते. साहेब उतरतील असं वाटलं, तेवढ्यात त्यांनी मैदानाच्या कडेला बघितलं. तिथं काका पुढच्या मुद्द्याची तयारी करून उभे होते. साहेबांनी हातानं खूण केली आणि गाडी आणखी एका फेरीला गेली. मग मुख्य रस्त्यावर नेली. एवढी सविस्तर टेस्ट त्या दिवशी कुणाचीच झाली नसेल.

शेवटी गाडी आमच्यापासून लांब, ऑफिसच्या मागच्या दारापाशी थांबली. साहेब उतरले, बायकोच्या कागदावर सही केली आणि आत गेले.

“पास,” बायको गाडी आमच्याजवळ आणून म्हणाली. तिनं एवढंच म्हटलं, पण स्टेअरिंगवरून हात काढले नाहीत. “बसा सगळे. मीच चालवते.”

लायसन हातात पडायला वेळ होता, म्हणून नियमाप्रमाणं मी शेजारी बसलो. काका आणि कंडक्टर मागं. आणि मग घराकडं जाणाऱ्या सबंध रस्त्यात काकांनी तिला अण्णांची कथा सांगितली. अण्णा पहाटं कसे गेले, मंठा रोडला वस्ती कशी निघाली, अंघोळ घालताना अण्णा कसे हलले, आणि शेवटी ते जन्मलेच कसे नव्हते. मी सांगितलं होतं त्यापेक्षा पुष्कळ चांगलं सांगितलं. अण्णांच्या तोंडी एकदोन वाक्यंही घातली. तिच्या शुगरचंही निघालं. ती गिअर बदलत ऐकत होती. एका ट्रकला तिनं शांतपणे वाट दिली, रिक्षावाल्याला हॉर्न दिला, पण माझ्याकडं मान वळवली नाही.

“एक गोष्ट मला कळंना, सूनबाई,” काका सगळं सांगून झाल्यावर म्हणाले. “यानं पंपावर सरळ सांगितलं असतं, बायकोची टेस्ट हाय, तर मी त्याला दोन मिनिटं तरी थांबवलं असतं का?”

“बोलणं वाढलं असतं काका,” मी म्हणालो. “म्हणून नाही सांगितलं.”

“बोलण्याचं काही नाही, काका,” बायको समोर रस्त्याकडं बघतच म्हणाली. “बायको गाडी शिकते हे चार माणसांत सांगण्यापेक्षा यांना माणूस मारणं सोपं गेलं.”